माशाआडचा अर्धा चेहरा

दिवाळी अंकात मी रशियन चित्रकार काझिमिर मालेविच यांच्या ‘काळ्या चौरसा’वर, म्हणजे नुसता काळा चौकोन असलेल्या त्यांच्या चित्रावर, लिहिलं होतं. त्यानंतर आलेली बरीचशी पत्रं त्याच चित्रकाराबद्दल आहेत, म्हणून या वेळचं सदर त्यांनाच देते आहे. पाण्याच्या रंगांत पोत कसा आणावा, इंटरमिजिएटच्या संकल्पचित्राला किती छटा असाव्यात, असे प्रश्न पाठवणाऱ्यांना पुढच्या अंकात उत्तरं मिळतील.

प्रश्न : ताई, लेकीकडे ॲमस्टरडॅमला गेले असताना स्टेडेलिक संग्रहालयात मालेविच यांचं ‘मॉस्कोतला इंग्रज’ हे चित्र पाहिलं. उंच काळी टोपी घातलेला माणूस, त्याच्या अर्ध्या तोंडावर पांढरा मासा, आजूबाजूला कात्री, करवत, शिडी, मेणबत्ती, तलवार, लाल चमचा. जावई म्हणाले, असल्या चित्रात अर्थ शोधायचा नसतो. मग काय शोधायचं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : जावयांचं म्हणणं मला अर्धं पटतं. मासा म्हणजे ख्रिस्त, मेणबत्ती म्हणजे श्रद्धा, कात्री म्हणजे ताटातूट, अशी यादी कुणीही करू शकतं. ती एकदा झाली की चित्राकडे बघायचं कारणच उरत नाही. म्हणून तशी यादी करू नये, इथवर ते बरोबर आहेत. पण तेवढ्यावर चित्रापुढून निघून जायचं, हे मला मान्य नाही. १९१४ साली हे चित्र रंगवणाऱ्या माणसानं त्यात अत्यंत विचारपूर्वक काम केलंय आणि ते डोळ्यांना दिसतं.

वर्गात अवघड चित्र आलं की मी मुलांना विचारत असे, कोण कोणाच्या वर आहे? कोणी काय झाकलंय? या चित्राच्या छापील प्रतीवर ट्रेसिंग पेपर ठेवून मी नुसत्या बाह्यरेषा काढल्या आहेत. तुम्हीही काढून बघा. पहिल्यांदा हाताला लागतो तो मासा. चेहऱ्याहून लांब, उभा, आणि त्या माणसाचा अर्धा चेहरा त्यानं पूर्णपणे झाकून टाकलाय. तो धूसर नाही की पारदर्शक नाही. मग लक्षात येतं ते आकारमान. रशियन चर्च माशापुढे चिमुकलं आहे. कात्री आणि तलवार एकाच मापात बसतात. जमीन नाही, क्षितिज नाही, कुणाची सावली कुणावर पडत नाही. प्रत्येक वस्तू ओळखू येते, पण तिचं बाकीच्या वस्तूंशी असलेलं रोजचं नातं तोडून टाकलंय.

यामागे मालेविच यांची भूमिका होती. आदल्या वर्षी, १९१३ मध्ये, त्यांनी लाकडी फळीवर ‘गाय आणि व्हायोलिन’ रंगवलं. व्हायोलिनच्या पुढ्यात एक छोटी गाय, बस्स. त्या फळीच्या मागच्या बाजूला त्यांनी लिहून ठेवलंय की गाय आणि व्हायोलिन हे दोन आकार तर्क सोडून शेजारी ठेवणं हा तर्काशी, हुबेहूबपणाशी आणि रूढ समजुतींशी चाललेल्या झगड्याचा क्षण आहे. त्यांचे कविमित्र अलेक्सेई क्रुचोनिख आणि वेलिमिर ख्लेब्निकोव्ह तेव्हा बुद्धीच्या पलीकडच्या भाषेत कविता लिहीत होते, त्यात शब्दांचे तुकडे असत आणि नुसते ध्वनीही असत. मालेविच तेच रंगांत करत होते.

तुमच्या नजरेतून कदाचित अक्षरं सुटली असतील, कारण ती रशियन आहेत आणि तोडून इकडेतिकडे पसरली आहेत. ती जोडली की एकीकडे ‘खंडग्रास ग्रहण’ आणि दुसरीकडे ‘शर्यतींच्या घोड्यांची संस्था’ असं वाचता येतं. उंच टोपीचा इंग्रज आणि घोड्यांच्या शर्यती, यांचा मेळ मला सहज लागतो. ग्रहणाचं असं की २१ ऑगस्ट १९१४ रोजी खरोखरच सूर्यग्रहण झालं. खग्रासाचा पट्टा नॉर्वे-स्वीडनवरून रशियन साम्राज्यात, कीव्हवरून क्रिमियापर्यंत गेला आणि मॉस्कोला ते खंडग्रास दिसलं. तीनच आठवडे आधी जर्मनीनं रशियाशी युद्ध पुकारलं होतं. आइनस्टाइन यांच्या सिद्धान्ताची परीक्षा घ्यायला क्रिमियात आलेल्या जर्मन खगोलशास्त्रज्ञांना त्यामुळे ताब्यात घेण्यात आलं.

तरीही ‘खंडग्रास’ हे शब्द मी आकाशातल्या ग्रहणापुरते वाचत नाही. मासा चेहऱ्यावर जे करतो तेच तिथे लिहिलंय. एका वस्तूनं दुसरीला अर्धं झाकणं. हे मनात धरून पुढची उत्तरं वाचा, कारण माझ्या मते मालेविच यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं बीज या झाकण्यात आहे.

आणि तो लाल चमचा. फेब्रुवारी १९१४ मध्ये मालेविच आणि त्यांचे चित्रकार मित्र अलेक्सेई मोर्गुनोव्ह कोटाच्या काजात लाकडी चमचे अडकवून मॉस्कोच्या कुझनेत्स्की मोस्त या झगमगत्या रस्त्यावरून फिरले होते. रशियन शेतकऱ्याच्या घरातला चमचा, फुलाच्या जागी. चित्रातला चमचा पाहताना मला ते दोघं आठवतात आणि आनंद होतो.

प्रश्न : आम्ही शाळेत कोलाजला चिकटकामच म्हणतो. या चित्रात मासा आणि कात्री रंगवलेली आहेत, तरी त्याला कोलाजच्या पद्धतीचं का म्हणतात? – एक कलाशिक्षक, सांगली

उत्तर : सर, तुमचा प्रश्न नेमका आहे. पद्धत आधी हातात आली आणि मग ती ब्रशमध्ये उतरली, असा तो क्रम आहे.

मे १९१२ मध्ये पिकासो यांनी एका लंबगोल चित्रात वेताच्या विणीचा छाप असलेलं मेणकापड चिकटवलं आणि चौकटीऐवजी भोवती दोरखंड गुंडाळला. त्याच वर्षी सप्टेंबरात फ्रान्सच्या दक्षिणेला चित्रकार ब्राक यांना आविन्योंच्या एका दुकानात लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद दिसला, तो त्यांनी कापून कोळशाच्या रेखाटनात चिकटवला. मॉस्कोला या गोष्टी कळायला वेळ लागला नाही. सेर्गेई श्चुकिन या कापडाच्या व्यापाऱ्यानं मातीस आणि पिकासो यांची चित्रं मोठ्या संख्येनं विकत घेतली होती आणि आपला वाडा तो लोकांना बघायला खुला ठेवत असे. तरुण चित्रकारांची तिथे रीघ असायची. पॅरिसला न गेलेल्या मालेविच यांना क्युबिझम, म्हणजे पिकासो-ब्राक यांची वस्तू तुकड्यांत मांडायची शैली, असा घरच्या अंगणात भेटला.

१९१४ मध्ये त्यांनी खरं चिकटकामही भरपूर केलं. न्यूयॉर्कला असलेल्या ‘पहिल्या डिव्हिजनचा शिपाई’ या चित्रात छापील कागदाचे तुकडे आहेत, टपालाचं तिकीट आहे आणि चक्क एक थर्मामीटर बसवलाय. स्टेडेलिकमध्येच असलेल्या ‘जाहिरातीच्या खांबापाशी स्त्री’ मध्येही चिकटवलेले कागद आहेत. ‘मॉस्कोतला इंग्रज’ रंगवताना त्यांनी हीच शिस्त तैलरंगात आणली. प्रत्येक वस्तू कापून आणून ठेवल्यासारखी, कडा स्वच्छ, मागच्या वस्तूचा विचार न करता वर ठेवलेली. म्हणून ते कोलाजच्या पद्धतीचं.

तुमच्या मुलांना एक करायला सांगा. आधी मासिकातली चित्रं कापून चिकटकाम करू द्या आणि ते सुकलं की तेच चिकटकाम समोर ठेवून पोस्टर कलरनं रंगवायला सांगा. आठवीच्या वर्गात मी हे करून घेत असे. कापलेली कड ब्रशनं आणताना हात कसा बदलतो, हे त्यांना सांगावं लागत नाही. पहिल्या तासाला मुलं वस्तूंना सावल्या देऊ पाहतात, कारण आपणच त्यांना तसं शिकवलेलं असतं. त्यांना थांबवू नका. दुसऱ्या तासाला त्यांचं त्यांनाच खटकतं आणि ती सावल्या पुसायला लागतात.

प्रश्न : मालेविचने मोनालिसावर लाल फुल्या मारल्या आहेत. हा लिओनार्दोचा अपमान नाही का? – एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तू जे चित्र म्हणतेस ते ‘मोनालिसासह रचना’, सेंट पीटर्सबर्गच्या रशियन संग्रहालयात आहे. ते नीट बघ. त्यात मोनालिसा किती लहान आहे? कागदावर छापलेली तिची एक स्वस्त प्रत, तीही फाटक्या कडांची. एक फुली चेहऱ्यावर, एक गळ्याखाली. खाली वर्तमानपत्राचं कात्रण, ‘फ्लॅट दुसऱ्याच्या नावे करून देणे आहे’ अशा अर्थाच्या जाहिरातीचं. आणि इथेही तेच शब्द, खंडग्रास ग्रहण.

ऑगस्ट १९११ मध्ये मोनालिसा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून चोरीला गेली आणि डिसेंबर १९१३ मध्ये फ्लॉरेन्सला सापडली. त्या दोन वर्षांत तिचा चेहरा जगभरच्या वर्तमानपत्रांत आणि पोस्टकार्डांवर छापला गेला. मालेविच यांच्या हाती आलेली मोनालिसा ही अशी होती. फुली त्या छापील, सगळ्यांनी आपोआप डोकं हलवून वाहवा करायच्या चेहऱ्यावर आहे, असं मला वाटतं. लिओनार्दोचं मूळ चित्र त्यांनी झाकलं नाही. मार्सेल द्युशाँ यांनी मोनालिसाच्या छापील प्रतीला मिशा काढल्या त्या १९१९ मध्ये, म्हणजे पाचेक वर्षांनी. तिथे थट्टा आहे. मालेविच यांच्या फुल्यांत मला थट्टा दिसत नाही, निर्धार दिसतो.

फुल्यांवरून नजर काढून तिच्या भोवतीचे मोठे, सपाट काळे-पांढरे चौकोन बघ. त्यांच्यावर काहीही चितारलेलं नाही. चित्रातली सगळ्यात मोठी जागा त्यांनी घेतली आहे आणि जगातला सगळ्यात प्रसिद्ध चेहरा त्यांच्या कडेला सरकलाय. पुढे काय होणार ते इथे कळतं.

प्रश्न : तुमचा लेख वाचला, पण काळा चौरस कोणीही काढेल. मासे-चमचे इतके छान रंगवणारा माणूस तिथे का गेला? त्याचं डोकं फिरलं होतं का? – एक निवृत्त वाचक, रत्नागिरी

उत्तर : काका, तुमच्या प्रश्नात चीड आहे ती मला समजते. म्हणून पायरीपायरीनं सांगते.

डिसेंबर १९१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या लूना पार्क थिएटरात ‘सूर्यावर विजय’ हे संगीत नाटक झालं. शब्द क्रुचोनिख यांचे, संगीत मिखाईल मात्युशिन यांचं, पोशाख आणि पडदे मालेविच यांचे. नाटकात माणसं सूर्याला पकडून कैद करतात. पडद्यासाठी मालेविच यांनी केलेल्या रेखाटनांपैकी एकात चौरस तिरका दुभागून त्याचा एक भाग काळा, दुसरा पांढरा ठेवला आहे. पुढे १९१५ च्या मे महिन्यात त्यांनी मात्युशिन यांना पत्रांतून त्या पडद्याच्या काळ्या चौरसाचं महत्त्व आवर्जून कळवलं.

या दोन टोकांच्या मध्ये १९१४ आहे, माशाचं आणि चमच्याचं वर्ष. त्या वर्षीची चित्रं ओळीनं बघितली तर सपाट चौकोन वाढत गेलेले दिसतात. थर्मामीटरच्या चित्रात मोठा निळा चौकोन आहे. जाहिरातीच्या खांबाच्या चित्रात गुलाबी आणि पिवळे चौकोन जवळजवळ सगळं व्यापतात, स्त्री शोधावी लागते. सुरुवातीला वस्तूला वस्तू झाकते, मग वस्तूला रंगाचा कोरा तुकडा झाकतो. मार्च १९१५ मध्ये पेत्रोग्राडच्या (सेंट पीटर्सबर्गचंच तेव्हाचं नाव) ‘ट्रामवे व्ही’ या प्रदर्शनाच्या सूचीत आपल्या काही चित्रांबद्दल त्यांनी लिहिलं की त्यांचा आशय चित्रकाराला माहीत नाही. आणि त्याच वर्षअखेरीस, पेत्रोग्राडमध्येच, ‘०,१०’ या नावाच्या प्रदर्शनात त्यांनी ३९ चित्रं मांडली. त्यांत ना मासा होता ना चमचा. काळा चौरस खोलीच्या वरच्या कोपऱ्यात, दोन भिंती मिळतात तिथे, छताला लागून टांगला होता. रशियन घरात त्या कोपऱ्यात देवाच्या प्रतिमा असतात, आपल्या देवघरासारखी ती जागा.

आता तुम्ही म्हणता कोणीही काढेल. २०१५ मध्ये मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीतल्या संशोधकांनी क्ष-किरणांनी हा चौरस तपासला. काळ्याखाली त्यांना आणखी दोन रंगीत चित्रं सापडली, एकावर एक. सगळ्यात खालचं क्युबिस्ट वळणाचं, त्यावर भौमितिक आकारांचं, आणि त्यावर काळा. म्हणजे या माणसानं कोऱ्या कॅनव्हासवर काळा रंग फासला नव्हता. रंगांनी भरलेल्या, चांगल्या चाललेल्या चित्रावर त्यानं तो दिला. काळ्या रंगाच्या भेगांतून आजही खालचे रंग डोकावतात. इंग्रजाचा अर्धा चेहरा झाकणारा हात आणि हा हात एकच आहे. फरक इतकाच की या वेळी त्यानं काहीही उघडं ठेवलं नाही.

कॅनव्हासची बाजू साडेएकोणऐंशी सेंटिमीटर आहे आणि चौरसाच्या कडा पट्टी लावून ओढलेल्या नाहीत. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तरी त्या किंचित कललेल्या दिसतात. साखर कारखान्यात काम करणाऱ्या पोलिश बापाचा हा मुलगा, कीव्हजवळ जन्मलेला, कुर्स्कला रेल्वेच्या कचेरीत नकाशे काढून पोट भरलेला. पट्टी कशी वापरतात हे त्याला चांगलं माहीत होतं. त्यानं ती बाजूला ठेवली.

तुम्हाला चौरस आवडलाच पाहिजे असं मी म्हणणार नाही. पण त्याच्याआधी ‘मॉस्कोतला इंग्रज’ बघा, मग मोनालिसा, मग थर्मामीटरचं चित्र, आणि मग चौरस. डोकं फिरलेल्या माणसाची चित्रं इतक्या क्रमानं पुढे जात नाहीत.

प्रश्न : रशियन चित्रकाराचं इतकं महत्त्वाचं काम ॲमस्टरडॅमला कसं? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ही हकिगत वाचताना मला दर वेळी अस्वस्थ व्हायला होतं.

१९२७ च्या वसंतात मालेविच सत्तरेक चित्रं घेऊन आधी वॉर्सॉला आणि मग बर्लिनला गेले. बर्लिनच्या मोठ्या वार्षिक कलाप्रदर्शनात त्यांना स्वतंत्र दालन मिळालं होतं. प्रदर्शन चालू असतानाच, जूनमध्ये, त्यांना मायदेशी परत बोलावलं गेलं. चित्रं आणि काही लिखाण मित्रांच्या हवाली करून ते निघाले, परत येईन अशा आशेनं. पुन्हा त्यांना देशाबाहेर जाता आलं नाही. १९३० मध्ये त्यांना अटक होऊन चौकशी झाली. १५ मे १९३५ रोजी लेनिनग्राडमध्ये, म्हणजे त्याच सेंट पीटर्सबर्गमध्ये, कर्करोगानं ते गेले.

मागे राहिलेली चित्रं वास्तुकार हूगो हेरिंग यांच्या जबाबदारीवर होती. त्यातली बरीच हॅनोव्हरच्या संग्रहालयात अलेक्झांडर डोर्नर यांच्याकडे गेली. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर अशी चित्रं जवळ बाळगणं धोक्याचं झालं, तेव्हा डोर्नर यांनी ती तळघरात ठेवली. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाचे अल्फ्रेड बार तिथे आले. त्यांनी काही चित्रं घेतली, त्यातली दोन तर छत्रीत गुंडाळून जर्मनीबाहेर काढली. सांगलीच्या सरांना सांगितलेलं थर्मामीटरचं चित्र न्यूयॉर्कला आहे ते त्याच वर्षापासून. डोर्नर यांनाही पुढे देश सोडावा लागला. उरलेली चित्रं हेरिंग यांच्याकडे परतली आणि युद्धात ते ती दक्षिणेला बिबेराख या गावी घेऊन गेले. बर्लिनवर बॉम्ब पडत असताना ती तिथे होती म्हणून वाचली. स्टेडेलिकचे संचालक विलेम सॅन्डबर्ग यांनी बरीच वर्षं पाठपुरावा केल्यावर १९५८ मध्ये त्यांच्या संग्रहालयानं हा संच घेतला. पुढे मालेविच यांच्या वारसांनी हक्क सांगितला आणि २००८ मधल्या तडजोडीत स्टेडेलिकनं पाच चित्रं त्यांना दिली.

तिकडे सोव्हिएत संघात काळा चौरस कित्येक दशकं गोदामात बंद होता. मालेविच यांना बर्लिनला ठेवलेली चित्रं कधी परत मिळाली नाहीत की पुन्हा बघता आली नाहीत. हेरिंग, डोर्नर, बार ही नावं मुलांना सांगावीत असं मला मनापासून वाटतं. चित्रकारांची नावं सगळे सांगतात.

प्रश्न : माझा मुलगा वर्तमानपत्राची कात्रणं लावून चित्रं करतो. वर्षभरात ती पिवळी पडतात आणि कडा सुटतात. काय करू? – एक वाचक, अकोला

उत्तर : वर्तमानपत्राचा कागद स्वस्त लगद्याचा असतो, त्यात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं, आणि उजेड-हवेनं ते पिवळं पडतंच. मालेविच यांच्या काळातल्या कोलाजचे कागदही असेच तपकिरी होत गेलेत. टिकवायचं असेल तर कात्रणाची झेरॉक्स चांगल्या, आम्लमुक्त कागदावर काढून ती लावायला सांगा. चित्र थेट उन्हात टांगू नका.

कडा सुटतात त्या बहुधा डिंक कमी पडल्यानं किंवा कागद कोरडाच दाबल्यानं. मैद्याची खळ पातळ शिजवा, गार झाल्यावर कात्रणाच्या मागे कडेपर्यंत लावा, मिनिटभर कागद ओला होऊ द्या, मग चिकटवून वर रद्दी आणि जड पुस्तकं ठेवा, रात्रभर. जुने बाइंडर खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालत, पण ते विषारी आहे, मुलाच्या हातात देऊ नका. त्याऐवजी लागेल तेवढीच ताजी खळ करा आणि चित्र ओल नसलेल्या भिंतीवर लावा.

आणि मुलाला एवढं विचारा, की कात्रण लावताना त्याखाली काय झाकलं गेलं. तो काय सांगतो ते मला कळवा.